बरगडीला कान

१

बिरोबाची आण घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे ही. आता डोळ्यांनी म्हणजे, निम्मा वेळ माझा कान भावाच्या बरगडीला चिकटलेला होता आणि डोळे मिटलेले होते, तेव्हा कानांनी म्हणा. आणि कानांनी तरी कसं म्हणू, कारण सगळा घोळ मुळात ऐकू न येण्याचाच आहे. शेंद्र्याच्या चौकात ही गोष्ट मी पूर्वी सांगितली तेव्हा तिच्यात एक लांडगा होता. लोकांना लांडगा फार आवडला. या खेपेला काढून टाकलाय. लांडगा नव्हता.

माझं नाव सांडू. थापाड्या म्हणून मला शेंद्र्यापासून बिडकीनपर्यंत ओळखतात. त्याची मला कधी लाज वाटली नाही. उलट पाण्याचा टँकर कुठंही उभा केला तरी चहा फुकट मिळायचा. ही एक गोष्ट सांगताना मात्र मान वर होत नाही. म्हणून लिहून काढतोय. कागदाला तोंड दाखवावं लागत नाही.

२

सोळा सालचा उन्हाळा. त्याआधीचे दोन पावसाळे कोरडे गेलेले, आणि मी टँकरवर ड्रायव्हर. शेंद्र्याच्या पुढं नव्या कारखान्यांसाठी जमीन घेतलेली होती. कारखाने यायचे होते, रस्ते आधी आले. सिमेंटचे, रुंद, दोन्ही बाजूंना दिव्याचे खांब, खांबांवर नंबर, आणि मध्ये नुसती कुसळं. त्या कुसळांवर माझा थोरला भाऊ भिकन मेंढरं चारायचा. आमच्या घराण्यातली मेंढरं आता त्याच्या एकट्याकडंच उरली होती. दुपारी टँकर रिकामा करून परतताना मी त्याच्याजवळ थांबायचो. आवडावहिनी भाकरी घेऊन आलेली असायची. टँकरच्या सावलीत तिघं जेवायचो. मी बोलायचो, ती हसायची, तो चावायचा.

भिकन माझ्या अगदी उलट. बाजारात मेंढी विकायला उभा राहिला की गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगायचा, "हिचा मागला खूर दुखतोय." एकदा प्लॉटवरच्या वॉचमननं दरडावलं, "मेंढरं कुणी घातली रे आत?" कुंपण वाऱ्यानं पडलं होतं असं मी सांगायच्या बेतात होतो. भिकन म्हणाला, "म्या घातली. तार म्याच वाकवली." वॉचमन बिचारा आमच्यात बसून भाकरी खाऊन गेला.

आम्हा मेंढपाळांत एक रीत आहे, ती इथं सांगायला हवी. मेंढरू फार भ्यालं की जागच्या जागी कोसळतं. मग एकानं त्याच्या मागं बसायचं, डावा पुढचा पाय पुढं ओढायचा आणि कोपराच्या मागं बरगडीला कान लावायचा. तोंड लोकरीत बुडालेलं असतं, बोलता येत नाही. म्हणून आत ठोका ऐकू येईल तसा मोकळ्या हाताच्या बोटानं जमिनीवर ठेका द्यायचा. उभे असतील त्यांनी बोटाकडं बघायचं. बोट नेमानं पडतंय तोवर जनावर उठणार. अडखळायला लागलं की कुणीतरी सुरी काढायची, कारण आपसूक मेलेलं आम्ही खात नाही. बोट म्हणजे निकाल. त्यावर कुणी शंका घेत नाही, ऐकणारा मी असलो तरी.

३

त्या दिवसांत गटारासाठी खडक फोडत होते. रोज दुपारी सुरुंग उडायचा, आधी शिट्टी व्हायची. त्या दिवशी शिट्टी झाली नाही. किंवा झाली, आणि माझं बोलणं चालू होतं म्हणून कुणाच्या कानावर आली नाही.

जमीन हलली. मेंढरं उधळून रस्ताभर झाली. एक गाभण मेंढी खांबाजवळ आडवी पडली. भिकन तोंडातला घास न गिळता उठला, तिच्या मागं बसला, कान लावला. त्याचं बोट सिमेंटवर पडायला लागलं. टक. टक. टक.

"हाय," वहिनी बोटाकडं बघत म्हणाली.

मेंढी उठली, अंग झाडलं, दुसरीच्या मागं चालायला लागली. भिकन उठला नाही. बसल्या जागीच तो कुशीवर कलंडला होता, बोट तसंच पुढं केलेलं.

"भावजी, बघा ना वो यांना काय झालं."

दुसऱ्या कुणी त्याला उताणं केलं असतं, नाकाशी हात धरला असता, छाती दाबली असती. मला ते सुचलं नाही. मी त्याच्या पाठीमागं बसलो, डावा हात मेंढीच्या पायासारखा पुढं ओढला आणि काखेच्या मागं कान टेकवला. सदऱ्याला मेंढरांचा वास येत होता. सदरा ओला होता.

आत काही नव्हतं.

शांतता म्हणावी तर तीही नाही. रिकाम्या टँकरला कान लावला तर आत काहीतरी घुमत असतं. हा भरलेला टँकर होता. काठोकाठ भरलेला आणि बंद.

मी डोळे उघडले. समोर वहिनीची पावलं. मान थोडी वर केली. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या बोटाकडं बघत होती.

बोट खाली पडलं. टक.

मी ठरवून केलं नाही. माझी जीभ जशी माझ्याआधी बोलते तसंच बोट माझ्याआधी पडलं. पुन्हा टक. पुन्हा. मला मेंढीचाच ठेका येतो, तोच दिला. वहिनी "हाय" म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. तिच्यापुढं आता थांबवणार कसं? मी देत राहिलो. मेलेल्या भावाला कान लावून, त्याच्या बायकोला बोटानं फसवत, भर उन्हात बसलो होतो.

मग कधीतरी माझ्या कानाखालची पाठ वर आली. भिकननं श्वास घेतला. अर्धवट चावलेला घास त्यानं थुंकला आणि विचारलं, "मेंढी उठली का?"

४

खडीच्या गाडीत घालून त्याला शहरात नेलं. तो माझ्या छातीला रेलून बसला होता आणि माझं बोट गाडीच्या फळीवर चालू होतं. का चालू ठेवलं, सांगता येणार नाही. एका खड्ड्याला मी दांडी धरली, बोट सुटलं, आणि भिकनची मान पुढं गळाली. पुन्हा ठेका धरला. मान वर आली. खड्ड्यात कुणाचीही मान गळते, असं मी स्वतःला समजावलं. खड्डे पुष्कळ होते. दांडी मात्र मी पुन्हा धरली नाही.

दवाखान्यात भिकनची पोरगी प्रांजली धावत आली. शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, पांढऱ्या कपड्यांतच आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिकनला तारा लावल्या होत्या आणि त्या यंत्रातून निघालेली लांब कागदी पट्टी बघत होत्या.

"हृदयाला बाहेरून कुणी हुकूम द्यावा लागत नाही," त्या मला समजावून सांगायला लागल्या. "उजव्या वरच्या कप्प्यात एक ठिपका असतो. तो आपणहून इशारा देतो. आधी वरचे दोन कप्पे आवळतात, रक्त खाली येतं. मग खालचे दोन आवळतात. उजवा फुप्फुसाकडं पाठवतो, डावा सगळ्या अंगाला. यांच्या पट्टीवर वरचा इशाराच दिसत नाही."

"मग खालचे कशावर चाललेत, मॅडम?" प्रांजलीनं विचारलं.

"कधी कधी चालतात आपले आपण. पण हळू. हे हळू नाहीत." त्यांनी पट्टी उजेडाकडं धरली. "नेमानं चाललेत. जरा जास्तच नेमानं."

माझा हात बाकाखाली होता. बोट लोखंडी पायावर पडत होतं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "मॅडम, म्हाताऱ्या मेंढ्याच्या काळजात एक बारीक हाड असतं. माणसाच्या असतं का वो?"

प्रांजलीनं मान खाली घातली. चुलता दवाखान्यातसुद्धा थापा मारतोय असं तिला वाटलं.

"बैलाच्या असतं असं वाचलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाच्या नसतं. चार झडपांना धरून ठेवणारी चिवट कडी असतात फक्त. आणि ते ठक्‌ठक् थांबवता का तुम्ही?"

मी थांबवलं.

यंत्राची टिकटिक थांबली. एक लांब, सरळ आवाज यायला लागला. "वायर सुटली," असं म्हणत नर्स धावली. मी चपलेत अंगठा आपटला. टक, टक. यंत्र पुन्हा बोलायला लागलं. तेव्हा नर्सचा हात वायरीपर्यंत पोचला होता की नव्हता, हे मी नीट पाहिलं नाही. नीट पाहायला हवं होतं. तेवढं एक पाहिलं असतं तर पुढची सगळी लाज वाचली असती.

५

बॅटरी बसवायची ठरली. बरगडीवर कातडीखाली बसते, तारेनं हृदयाला इशारा देते. तिला वेळ होता. तोवर घरी न्या, जपा, असं सांगितलं.

मी भिकनच्याच घरी मुक्काम ठोकला. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, शहाबादी फरशी, एक बाज. माझी बायको माहेरी होती, ती गोष्ट वेगळी, तीही कधी सांगेन. वहिनीनं गावभर केलं, "भावजींनी कान लावला म्हणून वाचले." लोक मला बघायला यायला लागले. मारुतीच्या पारावर बसणाऱ्यांनी मला मध्ये जागा दिली. वहिनी पहिली भाकरी मला वाढायची, भिकनच्या आधी. आयुष्यभर थापा मारून जे मिळवलं नाही ते या एका थापेनं मिळालं, आणि ही थाप आहे हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

बोट चालूच होतं. बाजेच्या खुरावर, भिंतीवर, स्वतःच्या मांडीवर. झोपायचो तेही पाय हलता ठेवून. झोपेत पाय हलतो की नाही, हे झोपलेल्याला कसं कळणार?

प्रांजलीच्या ध्यानात आलं. "काका, हे काय करताय तुम्ही?"

मी अर्धंमुर्धं सांगितलं. ती हसली. "उलटं हाय ते. आप्पांचा श्वास, त्यांची हालचाल, सगळं तुम्ही बघता आणि नकळत त्यांच्यावर ठेका धरता. ते तुमच्यावर नाय, तुम्ही त्यांच्यावर चाललाय." मग तिनं आपला स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक भिकनच्या छातीवर ठेवलं. "ऐका. हे आपटणं नाय. दारं मिटल्याचा आवाज हाय. पहिला मोठा, वरच्या अन् खालच्या कप्प्यांमधली दारं मिटली. दुसरा बारीक, बाहेर जायची दारं मिटली. तुमच्या पंपाची झडप कशी, पाणी वर जाऊ देते, माघारी येऊ देत नाय. तसंच."

"अन् उघडल्याचा?"

"उघडल्याचा आवाज नसतो, काका. फक्त मिटल्याचा."

मला ऐकू येत होतं. मोठा, बारीक. मोठा, बारीक. डोळ्यांत पाणी आलं. पोरीसमोर नको म्हणून मी तोंड फिरवलं आणि मग ते ध्यानात आलं. आवाज माझ्या बोटाबरोबर येत नव्हता. बोटाच्या मागून येत होता. अगदी किंचित. जसा ओढ्याच्या पलीकडं कुणी कुऱ्हाड मारतो, ती आधी दिसते आणि मग ऐकू येते, तसा. मी ठेका जरासा लांबवला. आत दारं उघडी राहिली. वाट बघत. मी बोट टाकलं, मग मिटली.

"आलं ना ऐकू?" प्रांजली म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.

संध्याकाळी भिकननं विचारलं, "सांडू, म्या पडलो तवा काय आइकलं तू?"

"ढोल, दादा. दसऱ्याचा ढोल वाजत व्हता आत."

तो "बरं," म्हणाला. भिकनला खोटं बोलता येत नव्हतं, पण ओळखता येत होतं. त्यानं बाजेच्या खुरावरच्या माझ्या बोटाकडं बघितलं आणि कूस बदलली.

६

बॅटरीच्या आधीच्या आठवड्यातली दुपार. प्रांजली कॉलेजला. वहिनी हंडे घेऊन टँकरच्या रांगेत. माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर होता, तो कधी यायचा कधी नाही. लाईट गेलेली, पंखा बंद. पत्रा तापून कडकडत होता. भिकन बाजेवर, मी खाली घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. पाय हलवत होतो. मग मला झोप लागली. पाय हलवायची नाही, खरी झोप.

जाग आली तेव्हा उंबऱ्यावरचं ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं. म्हणजे बराच वेळ गेला होता. मी पायाकडं ध्यान दिलं. पाय थंड, जागच्या जागी. उजवा हात गालाखाली, पार बधिर. काहीच हलत नव्हतं माझं. आणि भिकनचा श्वास ऐकू येत होता, चांगला मोठा.

तेव्हा मला काय वाटलं असेल, बघा. प्रांजली खरं बोलत होती. माझं काही नव्हतं. मी सगळा वेळ एका जित्या माणसाच्या बाजेला ठोकत बसलो होतो. हसू आलं, आणि हसता हसता इतकी लाज वाटली की घोंगडी डोक्यावर ओढून घ्यावी.

मग आवाज ऐकू आला. टक. टक. टक.

फरशीवर. माझ्या मागं, जवळच.

श्वासही बाजेवरून येत नव्हता. तोही माझ्या मागं होता. डाव्या खांद्याच्या खाली पाठीला काहीतरी टेकलं होतं, उबदार, जड; बनियनमधून दाढीचे खुंट टोचत होते. माझा डावा हात पुढं ओढलेला होता. मी तसा कधी झोपत नाही.

तोंडासमोर भिंतीला पत्र्याची पेटी होती. नवी, चकचकीत, वहिनीनं पोरीसाठी घेतलेली. तिच्यात मी बघितलं. वाकडंतिकडं दिसत होतं. माझ्या पाठीशी गुडघ्यावर बसलेला भिकन, माझ्या बरगडीला लागलेला त्याचा कान, आणि फरशीवर वर-खाली होणारं एक बोट. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. ऐकणाऱ्या माणसाचे डोळे असे नसतात. कान भाजत असूनही तापल्या पत्र्याला दाबून धरावा, तसा त्याचा चेहरा झाला होता.

भिकन खोटं बोलताना कसा दिसेल, हे मला माहीत नव्हतं. कधी बघितलंच नव्हतं.

मी गालाखालचा हात हळूच काढला आणि मनगट चाचपलं. काही लागलं नाही. बोटं बधिर होती, आणि आपली नाडी आपल्याला पहिल्या झटक्यात सापडत नाहीच. गळ्याशी बघितलं. तिथंही घामच. खिळ्याला प्रांजलीचा स्टेथोस्कोप लटकत होता, हात लांबवला तर पोचला असता.

दारात भांडं वाजलं. वहिनी कडेवर हंडा घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडं बघितलं. आमच्याकडं म्हणजे, बोटाकडं.

"हाय," ती म्हणाली, आणि हंडा उतरवायला आत गेली.

मी डोळे मिटून घेतले. भिकनला काही विचारलं नाही.

७

त्याला बॅटरी बसली. झाली त्याला वर्षं. ठणठणीत आहे. त्या रस्त्यांवर आता कारखाने आलेत, मेंढरं तो दूर पळशीच्या अंगाला नेतो, आणि दुपारी कुणाच्या तरी भरवशावर टाकून घरी येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढी चांगली पट्टी त्यांनी क्वचित बघितली. माझीही पट्टी काढायची म्हणून प्रांजली मागं लागते. मी टाळतो. टँकर सोडला. दुपारी भिकनच्याच घरी पडून असतो. डाव्या कुशीवर वळत नाही.

आता यातलं खोटं कुठलं, तेही सांगून टाकतो, कारण आण घेतली आहे. सुरुंग खरा. मेंढ्याच्या काळजातलं हाड खरं, कुठल्याही जुन्या खाटकाला विचारा. पेटीतलं दिसणंही खरं. खोटं एकच लिहिलं. भिकनला काही विचारलं नाही, हे खोटं.

विचारलं. वहिनी आत गेली तसं, ओठ न हलवता विचारलं, "दादा, ऐकू येतंय का?"

त्याचा कान माझ्या पाठीला होता, म्हणून त्याची मान हलली ती पेटीत दिसायच्या आधी मला पाठीवर कळली. आडवी हलली. एकदा, मग पुन्हा. बोट थांबलं नाही. आतून वहिनीनं विचारलं, "काय म्हणतोय वो आवाज?" आणि भिकननं तोंड उघडलं. आता तो खरं सांगणार होता, त्याला दुसरं येतच नाही. मी हात मागं नेला, त्याचा गुडघा सापडला, तो घट्ट धरला आणि म्हणालो, "तिला सांगू नको, दादा. तू ठेका दे."